श्रोता आणि सांगणाऱ्याची स्मृति

बाजारांतील बाचाबाची आजीस सांगतांना मुलगा आपले अपशब्द गाळतो. मित्रांस सांगतांना तेच चढवून सांगतो. ही केवळ लबाडी नव्हे. माणूस पाहूनच बोलणें घडतें. परंतु त्याचा परिणाम ऐकणाऱ्यापुरताच राहत नाहीं. १९७८ सालीं हिगिन्स व रोल्स या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांस एका व्यक्तीची माहिती वाचावयास देऊन, दुसऱ्या कोणासाठीं तिचें वर्णन लिहविलें. त्या दुसऱ्यास ती व्यक्ति आवडते असें कळलेल्यांनीं वर्णन अनुकूल केलें, नावडते असें कळलेल्यांनीं प्रतिकूल. पुढें मूळ मजकूर आठवावयास सांगतां त्यांची आठवणही आपापल्या वर्णनाकडेच झुकली. म्हणून महत्त्वाची हकीकत कोणास सांगण्यापूर्वीं जशी घडली तशी लिहून ठेवावी. श्रोत्याचें मन राखतां राखतां आपलेंच स्मरण पालटतें.