दाखला न मागणारी थाळी



सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेली ही मुलगी मराठी विभागात काय करतेय, असा प्रश्न माझ्या वर्गातल्यांना नक्की पडणार. शाळेत मराठी होती, पण पेपरापुरती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. (निम्म्या संपादकांनी दुरुस्त केल्या आहेत, उरलेल्या माझ्या!) पण विषय मेसचा आहे, आणि मेसबद्दल पोटतिडकीने बोलायचं तर मराठीच हवी.

आपल्या मेसच्या डाळीवर आणि रबरी पोळ्यांवर या मासिकात आजवर भरपूर विनोद छापून आले आहेत. आज मात्र विनोद करायचा नाहीये. एका शहराची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या शहरामुळे मला माझी एक चूक कशी कळली तेही.

गेल्या सेमिस्टरला मी मुलींच्या मेस कमिटीची सेक्रेटरी झाले. निवडणूक वगैरे काही नाही, दुसरं कोणी तयार नव्हतं इतकंच. दर महिन्याला बिलं तपासताना लक्षात आलं, की आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीची रात्रीची मेस सलग तीन महिने बंद आहे. विचारलं तर म्हणाली, "डाएट चालू आहे गं." एकदा रात्री दहा वाजता चार्जर मागायला तिच्या खोलीत गेले. डाएटमध्ये चुरमुरे होते आणि पाण्याची बाटली. घरी कोरडवाहू शेती, धाकटा भाऊ बारावीला. पुढचं सांगायला नको. तिला विचारून हे लिहितेय. नाव लिहीत नाही, आणि ती कोण असेल याचा अंदाज तुम्हीही लावत बसू नका.

मी लगेच कमिटीत विषय काढला. सगळ्यांनी मनापासून साथ दिली. ठराव झाला, की गरजू मुलींना रात्रीचं जेवण निम्म्या दरात द्यायचं. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडायचा, आणि पारदर्शकता म्हणून मंजूर झालेली नावं नोटीस बोर्डवर लावायची. पंधरा दिवस मुदत दिली. अर्ज किती आले? शून्य. पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "म्हणजे गरज नाहीच कोणाला." विषय संपला, फाइल बंद. त्या ठरावाखाली सही माझी आहे.

बेलो होरिझोंते

त्याच सुमारास ऑपरेशन्स रिसर्चच्या सेमिनारला सरांनी मला विषय दिला, 'शहराचा अन्नपुरवठा'. शोधताना सापडलं ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते. पोर्तुगीजमध्ये या नावाचा अर्थ सुंदर क्षितिज. मिनास जेराइस या खाणींच्या राज्याची ही राजधानी. १८९७ मध्ये आखणी करून वसवलेलं हे शहर आज वीस लाखांहून मोठं आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सुमारे ११ टक्के लोक अत्यंत गरिबीत होते, आणि जवळपास २० टक्के मुलं अर्धपोटी. १९९३ मध्ये पात्रुस अनानियास महापौर झाले. त्यांनी एक साधी गोष्ट मान्य केली. माणसाकडे बाजारात अन्न विकत घ्यायला पैसे नसतील, तर तो बाजाराचा गिऱ्हाईक राहत नाही, पण शहराचा नागरिक राहतोच. म्हणून त्याच्या जेवणाची जबाबदारी शहराची. पाणी, रस्ते, दिवाबत्ती यांना जसा महापालिकेत विभाग असतो, तसा त्यांनी अन्नासाठी स्वतंत्र विभाग काढला. सल्ल्याला नागरिक, कामगार, व्यापारी, चर्च अशा सगळ्यांचे प्रतिनिधी घेतले.

आता कोणी म्हणेल, पैसा कुठून आणला? गंमत इथेच आहे. हा सगळा खर्च महापालिकेच्या बजेटच्या २ टक्क्यांहूनही कमी होता. कारण त्यांनी फुकट वाटप फारसं केलंच नाही. महापालिकेकडे आधीपासून जे होतं, तेच कामाला लावलं. ते काय, हे एकेक करून सांगते.

१) जागा

शहरातल्या मोक्याच्या जागा महापालिकेच्या असतात. बेलो होरिझोंतेने त्या भाजीपाल्याच्या दुकानदारांना दिल्या, पण अट घातली. साधारण वीस चांगल्या वस्तू महापालिका ठरवेल त्याच भावात विकायच्या. हा भाव बाजाराच्या साधारण दोन तृतीयांश. बाकीचा माल दुकानदाराने खुशाल बाजारभावाने विकावा. शिवाय शनिवार-रविवारी मालाचा ट्रक घेऊन लांबच्या गरीब वस्त्यांत जायचं. दुकानदाराला गर्दीची जागा मिळाली, गिऱ्हाईकाला स्वस्त भाजी मिळाली, आणि महापालिकेच्या तिजोरीतून जवळजवळ काही गेलं नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत, ऑब्जेक्टिव्ह फंक्शन दुकानदाराचंच राहू दिलं, फक्त एक कन्स्ट्रेंट वाढवला!

२) थेट विक्री

आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांना शहरात ठरावीक जागी बसून विकायची परवानगी दिली. योजनेचं नाव 'दिरेतो दा रोसा', म्हणजे 'थेट शेतातून'. मधले हात कमी झाले, की शेतकऱ्याला जास्त मिळतं आणि गिऱ्हाईकाला कमी द्यावं लागतं. कांद्याच्या भावावर ज्यांच्या घरात वर्षाचं गणित ठरतं, त्यांना हे मी काय समजावणार?

३) माहिती

विद्यापीठाच्या मदतीने कुठल्या दुकानात कुठली वस्तू काय भावाने आहे याची नियमित पाहणी करायची, आणि ती यादी बस स्टॉपवर लावायची, रेडिओवर सांगायची. भाव कळले, की गिऱ्हाईक स्वस्त दुकानाकडे वळतं आणि महाग दुकानदार आपोआप ताळ्यावर येतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ज्याला फीडबॅक म्हणतो, ते हेच!

४) लोकांचं उपाहारगृह

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते यानेच. १९९४ पासून महापालिकेने मोठी उपाहारगृहं सुरू केली. भात, घेवड्याची उसळ, मांस, सॅलड, फळ असं गरम, ताजं जेवण अगदी थोड्या पैशांत. २००९ च्या सुमारास तिथे रोज सुमारे १२,००० माणसं जेवत होती. आणि दारात कोणी काहीही विचारत नव्हतं. ना दाखला, ना कार्ड. सुटाबुटातला कारकून, गणवेशातला कर्मचारी, आजी-आजोबा, रस्त्यावर झोपणारा माणूस, सगळे एकाच रांगेत आणि एकाच टेबलावर.

हे वाचताना माझ्यातली सेक्रेटरी लगेच म्हणाली, "मग श्रीमंत लोक फायदा उपटतील की!" पुढच्याच ओळीत उत्तर होतं. कोणालाही गरिबी सिद्ध करावी लागत नसतानासुद्धा जेवणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक गरीबच होते.

क्वालिटी कंट्रोलमध्ये आपण दोन प्रकारच्या चुका शिकतो. चांगला माल नाकारला जाणं ही एक, आणि खराब माल पास होणं ही दुसरी. एक कमी करायला गेलं, की दुसरी वाढते. अन्नाच्या योजनांचंही तसंच आहे. गरज नसलेला माणूस जेवून गेला ही एक चूक, आणि गरज असलेला उपाशी राहिला ही दुसरी. आम्ही आमच्या ठरावात पहिली चूक शून्यावर आणली होती. एकही 'खोटी गरजू' मुलगी जेवली नाही. आणि दुसरी चूक शंभर टक्के. कारण खऱ्या गरजू मुलीलाही नोटीस बोर्डवर आपलं नाव नको होतं. मलाही नको असतं.

बेलो होरिझोंतेत काय बदललं? पुढच्या दशकभरात तिथलं बालमृत्यूचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. याचं सगळं श्रेय एकट्या अन्न विभागाला देता येणार नाही, दवाखाने, पाणी, लसीकरण हेही असतंच. २००९ मध्ये या योजनेला वर्ल्ड फ्यूचर कौन्सिलचा फ्यूचर पॉलिसी अवॉर्ड मिळाला. अनानियास पुढे २००४ मध्ये देशाचे मंत्री झाले. ब्राझीलच्या २००९ च्या कायद्याने तर शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडच्या खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. २०१५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात जगातल्या शंभरावर शहरांनी एका करारावर सह्या केल्या. शहराने आपल्या अन्नाची जबाबदारी घ्यायची, असा तो करार. म्हणजे वेड एका शहरापुरतं राहिलं नाही.

आणि आपल्याकडे?

योगायोग बघा. ज्या १९९३ साली तिकडे अन्न विभाग निघाला, त्याच वर्षी १ जूनला आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यात शहरांच्या संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची यादी आहे. पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, बागा आहेत, स्मशानभूमीसुद्धा आहे. अन्नपुरवठा हे काम मात्र त्यात नाही! (कत्तलखान्यांचं नियमन आहे, पण ते वेगळं.) तरी शहराने अन्नात लक्ष घालणं आपल्याला नवं नाही. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं आणि पुण्याची मंडई १८८६ ची. दोन्ही सार्वजनिक बाजारच.

चेन्नई महापालिकेने २०१३ मध्ये 'अम्मा उणवगम' सुरू केलं. तेव्हा इडली १ रुपया, दहीभात ३ रुपये, सांबारभात ५ रुपये. रांधायला बचत गटातल्या बायका, आणि इथेही रेशन कार्ड दाखवायचं नाही. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ पासून 'कष्टाची भाकर' चालवून दाखवली, ती तर कुठल्या सरकारची नव्हे, कष्टकऱ्यांच्याच संघटनेची. राज्य सरकारनेही २०२० मध्ये १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली होती.

पण एक कडू अनुभवही आहे. १९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. मोक्याच्या जागा स्टॉलना दिल्या गेल्या. पुढे योजना बंद पडली, आणि कित्येक स्टॉलवर झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळू लागलं. जागा दिली, पण अट पाळली जातेय का हे बघणारा कोणी उरला नाही. बेलो होरिझोंतेतही जागा दिली होतीच. फरक एवढाच, की तिथे अट आणि भाव दोन्हींवर लक्ष ठेवणारा एक कायमचा विभाग होता.

पुन्हा मेसमध्ये

सेमिनार झाला, मार्कही बरे पडले. पण तो ठराव डोक्यातून जाईना. शेवटी रेक्टर मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, आमचा ठराव चुकला. दुसरा करायचाय."

मेसशेजारची जुनी टीव्ही रूम आपल्या कॉन्ट्रॅक्टर काकांना ज्यूस-सँडविचच्या स्टॉलसाठी कधीपासून हवी होती. आम्ही म्हटलं, घ्या, भाडं नको. पण रोज रात्री एक साधी थाळी २० रुपयांत द्यायची. भाकरी किंवा खिचडी, एक उसळ आणि ताक. ज्यूसचा भाव तुमचा तुम्ही ठरवा. काका दोन दिवस कुरकुरले, मग हिशोब करून तयार झाले. थाळीत काय आणि किती असणार, हे दारावर लिहून लावलंय. दर शनिवारी कमिटीतल्या दोघी स्वतः ती थाळी जेवतात आणि वहीत लिहितात. (दुसऱ्याच आठवड्यात उसळ पातळ झाली होती. वही दाखवल्यावर पुन्हा घट्ट झाली!)

अर्ज नाही, दाखला नाही, यादी नाही. हॉस्टेलमधलं कोणीही. वॉचमन काका येतात. सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या मेसच्या मावशी आता नऊ वाजता गरम भाकरी घेऊन बसतात. पहिल्या रात्री अकरा जणी होत्या. त्यात रेक्टर मॅडम होत्या, आणि चुरमुरेवाली मैत्रीणही. तिची गरज किती हे त्या रांगेत कोणालाच कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. जेवून उठताना मला एवढंच म्हणाली, "खिचडीत मीठ कमी आहे, सेक्रेटरी." तिची मेसबद्दलची पहिली तक्रार! मी वहीत लिहून घेतली.

ही परवानगी सध्या फक्त सेमिस्टर संपेपर्यंत आहे. पुढचं जनरल बॉडी मीटिंगमध्ये ठरेल. म्हणून हा सगळा प्रपंच. मला भीती आहे ती एकाच गोष्टीची. जिच्याकडे पैसे आहेत तिने "ती थाळी काय, गरिबांची" म्हणून तिकडे पाठ फिरवली, तर महिनाभरात ती रांग म्हणजेच नोटीस बोर्ड होईल. मग तिथे उभं राहणं आणि यादीत नाव लागणं यात फरक उरणार नाही.

तेव्हा गरज असेल तर या, आणि गरज नसेल तर नक्की या. सर, मॅडम, ऑफिसमधले काका, तुम्हीसुद्धा. आठवड्यातून एकदा तरी. वेळ रात्री साडेआठ ते दहा, टीव्ही रूमची खिडकी. सुट्टे २० रुपये आणा, काकांकडे चिल्लर कधीच नसते!