मधल्या वयातला नवा साज

टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, म्हणजे कन्सोल, एकदा घरात आणले की सहा-सात वर्षे चिंता मिटली, अशी पूर्वी समजूत होती. सोनीचे ‘प्लेस्टेशन ४’ २०१३ साली आले आणि पुढची पिढी २०२० साली. पण मध्येच, २०१६ साली, त्याची ‘प्रो’ आवृत्ती ३९९ डॉलरना बाजारात उतरली. पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ४९९ डॉलरचा ‘एक्सबॉक्स वन एक्स’ आणला आणि त्या समजुतीला तडा गेला.

या यंत्रांत नवे काय? खेळ तेच, चित्र अधिक रेखीव आणि हालचाल अधिक सफाईदार. दिवाणखान्यात मोठा फोर-के टीव्ही असेल, तर फरक डोळ्यांत भरतो. लहान, जुन्या टीव्हीवर ही श्रीमंती बरीचशी वायाच जाते.

कॉम्प्युटरवर खेळणारा गडी मात्र सहसा बधत नाही. चित्र सुधारायचे तर तो ग्राफिक्स कार्ड तेवढे बदलतो. २०२४ साली ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ अमेरिकेत ६९९.९९ डॉलरना आला, आणि डिस्क घालायची सोय हवी तर तिचे पैसे निराळे! एवढ्या पैशात चांगले कार्डच का घेऊ नये, असे तो विचारणारच.

वाचकहो, यात दिलासा एवढाच की ‘प्रो’साठी काढलेले खेळ साध्या यंत्रावरही चालतात. तेव्हा मुलांनी हट्ट धरलाच, तर आधी घरचा टीव्ही पाहावा. तो जुना असेल, तर ही खरेदी म्हणजे ऋण काढून सण!