एचपीव्हीची लस : रिकामी करवंटी आणि मालाचा टेम्पो



आमच्या उमरोळीच्या शाळेत पालक सभेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय निघाला. सभा संपल्यावर पाचवीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. म्हणाली, "बाई, कोविडच्या लसीत म्हणे विषाणू होता. यातही असेल, तर धडधाकट पोरीला मी तो का टोचून घेऊ?" प्रश्न रास्त आहे. चला, नीट समजून घेऊया.

आजार कशामुळे होतो?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजेच एचपीव्ही. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि पुढे कर्करोग होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला सुमारे 70 टक्के वेळा त्याचे 16 आणि 18 हे दोन प्रकार कारणीभूत असतात. हे नातं शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. भारतात 2022 मध्ये या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि 80 हजारांच्या आसपास मृत्यू असा अंदाज आहे.

लसीत नेमकं काय असतं?

नारळ डोळ्यांसमोर आणा. रुजण्याची ताकद आतल्या गरात, करवंटीत नाही. विषाणूचंही तसंच. बाहेर एल-1 प्रथिनाचं कवच, आत जनुकं. शास्त्रज्ञांनी फक्त कवचाचं जनुक यीस्टच्या पेशीत बसवलं. याला रिकॉम्बिनंट तंत्र म्हणतात. यीस्ट ते प्रथिन तयार करतं आणि त्याचे गोळे आपोआप जुळतात. झाली रिकामी करवंटी! ती रुजणार कशी? पण शरीर तिला ओळखून प्रतिपिंडं तयार ठेवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस अशीच आहे. तिला 2022 मध्ये मंजुरी मिळाली.

मग कोविडची लस?

कोविशील्डही पुण्यात सीरममध्येच बनली, पण तिची रीत वेगळी. चिंपांझीचा एक सर्दीचा विषाणू घेऊन त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकली आणि त्यावर करोनाचं एक जनुक लादलं. तारापूर एमआयडीसीतला टेम्पो जसा माल पोचवतो आणि त्याचं काम संपतं, तसंच. याला वाहक विषाणू म्हणतात.

असा टेम्पो एचपीव्हीसाठीही बनवला जातोय, पण ज्यांना संसर्ग आधीच झाला आहे त्यांच्यासाठी. कारण विषाणू पेशीत शिरला की प्रतिपिंडं तिथे पोचत नाहीत. बाधित पेशी शोधून मारणाऱ्या टी-पेशी जाग्या कराव्या लागतात आणि वाहक विषाणू ते काम चांगलं करतो. अडचण मालाची आहे. ई-6 आणि ई-7 ही प्रथिनंच पेशीचे ब्रेक निकामी करून कर्करोग घडवतात. म्हणून त्यांची जनुकं आधी बदलून निरुपद्रवी करावी लागतात. एचपीव्हीमुळे घशात वारंवार होणाऱ्या गाठींवर अशा एका औषधाला 2025 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. गर्भाशयमुखासाठी मात्र संशोधन चालू आहे.

आपण काय करायचं?

म्हणजे झालेला संसर्ग घालवणारी लस अजून हातात नाही, पण तो होऊच नये म्हणून लस आहे. म्हणूनच ती विषाणूशी गाठ पडण्याआधी, 9 ते 14 या वयात घेणं सर्वांत उपयोगी. दंड दुखणं, थोडा ताप किंवा टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून मुलीला पंधरा मिनिटं बसवून ठेवा.

आणि आयांनो, स्वतःलाही विसरू नका. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या बायकांवर मोठा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले : एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी ही तपासणी करायचीच, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही.

त्या आईला मी एवढंच सांगितलं, "ताई, या लसीत विषाणू नाही, त्याची फक्त रिकामी करवंटी आहे." तुमच्या पालक सभेतही हा विषय जरूर घ्या. शंका असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारा.