कानांस न ऐकूं येणारा ध्वनि

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें वीस कंपांपासून वीस हजार कंपांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, हें आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेलें असतें. परंतु विसांच्या खालीं काय आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तेथें ध्वनि संपत नाहीं; आपली श्रवणशक्ति मात्र संपते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत राहणाऱ्या वाचकांस या प्रांताचा परिचय आहे, पण तो कानानें झालेला नव्हे. रात्रीं मांडणीवरचीं भांडीं किणकिणतात, खिडकीची कांच थरथरते, तांब्यांतल्या पाण्यावर वलयें उठतात. आगगाडी गेली, कोठें भुयार खणीत आहेत, कीं शेजारच्या इमारतीचा पाया चालला आहे, हें कळत नाहीं. घरांत वाद मात्र होतो.

आपल्या नैयायिकांनीं शब्दाचा प्रसार समजावितांना वीचीतरंगन्याय योजिला आहे. पाण्यावर एक लाट दुसरीस जन्म देते, तसा शब्द शब्दास देतो. या मंद ध्वनीस हा दृष्टांत विशेषच शोभतो, कारण त्याच्या लाटा खरोखरीच प्रचंड असतात. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३५० मीटर धरला, तर दहा कंपांच्या ध्वनीची एक लाट ३५ मीटर लांब भरते. चार मजली इमारत तिच्या पोटांत सहज मावेल. अशी लाट दारें लावून घेतल्यानें अडत नाहीं. यास कोणी योगशास्त्रांतला अनाहत नाद मात्र समजूं नये. हा पूर्णपणें आहत आहे, आणि आघात करणारा शोधल्यास बहुधा सांपडतो.

तो शोधण्याची युक्ति पहिल्या महायुद्धांत निघाली. प्रसंग थोडा ग्राम्य आहे, तरी सांगण्यासारखा आहे. नोबेल पारितोषिक मिळविणारे तरुण शास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग हे बेल्जममध्यें शत्रूच्या तोफांचीं ठिकाणें ध्वनीवरून हुडकण्याच्या कामावर होते. त्यांच्या मुक्कामाच्या शौचकूपाची खोली बंद असे, आणि बाहेरच्या हवेचा मार्ग काय तो बैठकीखालच्या नळांतून. जवळची तोफ उडाली कीं कानांवर विशेष आवाज न येतांहि आपण किंचित् उचलले जातों, असें त्यांच्या ध्यानांत आलें. टकर नांवाच्या त्यांच्या सहकाऱ्यास असाच अनुभव झोपडीच्या भिंतीच्या भोंकांतून येणाऱ्या थंड झुळुकीनें आला. त्यावरून टकर यांनीं पेटीच्या भोंकांत प्लॅटिनमची तापलेली बारीक तार बसविली. तोफेच्या मंद लाटेनें हवा भोंकांतून आंतबाहेर झाली कीं तार निवे, तिचा विद्युत्‌रोध बदले, आणि तोफ उडाल्याची नोंद होई.

मुंबईनेंहि या विषयास आपला वांटा दिलेला आहे. पावसाळा सुरू झाला कीं, कोठेंहि भूकंप झालेला नसतां, कुलाबा वेधशाळेंतील भूकंपमापकाची रेषा बारीक थरथरूं लागे. तेथील संचालक डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनीं ही थरथर आणि समुद्रावरील मोसमी वारे व वादळें यांचा संबंध दाखविला. त्यांचा निबंध १९३० सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. समोरासमोर येणाऱ्या लाटांच्या भेटीमुळें समुद्रतळावर दुप्पट कंपसंख्येनें दाब पडतो, ही गणिती उकल लाँगे-हिगिन्स यांनीं १९५० त केली. म्हणजे श्रावणसरींच्या रात्रीं वर्सोव्याच्या घरांत आपण स्वस्थ झोपलों असतां खालची भूमि दर कांहीं सेकंदांनीं एक झोका घेत असते.

कुलाब्याचें यंत्र घरीं आणणें शक्य नाहीं. परंतु १९६२ त अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेसलर आणि वेस्ट यांनीं जो इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला, त्याची करंगळीच्या नखाएवढी डबी आज लॅमिंग्टन रोडवर थोड्या रुपयांत मिळते. तिच्यांत कायमचा विद्युद्भार असलेला एक पातळ पडदा असतो. पडदा हालला कीं विजेचा दाब बदलतो. एवढेंच तिचें कार्य. ही डबी मंद ध्वनीस जन्मतः बहिरी नसते, तिला बहिरी केलेली असते. पडद्याच्या मागें एक अतिसूक्ष्म छिद्र ठेवितात. नाहींतर हवामानाचा दाब बदलतांच पडदा फुगून बसेल. हळू येणारी लाट या छिद्रांतून मागें पाझरते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि पडदा हालत नाहीं. शिवाय पुढच्या विद्युन्मंडलांतहि मंद कंप मुद्दाम गाळून टाकितात, कारण बोलणें ऐकण्यास त्यांचा अडथळाच होतो. उपाय असा कीं, डबीच्या तोंडाशीं थोडीशी हवा कोंडावी. कोंडलेल्या हवेंत जराशा हालचालीनेंहि मोठा दाब उत्पन्न होतो. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची चकती घेऊन, रबरी नळी चार बोटें ठेवून कापावी, तींत ही डबी बसवून फटी मेणानें बुजवाव्या, चकती फरशीवर पालथी ठेवून वर लहानसें वजन ठेवावें. मंडलांतलें धारित्रहि मोठें घालावें लागतें.

हें सारें आमच्या नातीनें केलें, आणि तें आमच्या थोरल्या भगिनीसाठीं. आक्का ऐंशीला टेकल्या आहेत. गेल्या पावसाळ्यांत मध्यरात्रीनंतर पलंग थरथरतो, छातींत धडधडतें, झोंप येत नाहीं, असें त्या सांगत. हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. मग वयोमान, भास, एकटेपणा अशीं निदानें होऊं लागलीं, आणि आक्कांनीं बोलणेंच सोडलें. तें आम्हांस दुखण्यापेक्षां अधिक लागलें.

नातीनें तीन रात्री चकती पलंगाखालीं ठेविली. संगणकावर कंपसंख्येचा आलेख काढला, तों एक टोंक स्पष्ट उभें: सेकंदास साडेबारा. ही संख्या बोलकी आहे. आपल्याकडील मोठें डिझेल जनित्र बहुधा मिनिटास पंधराशें फेरे करतें, म्हणजे सेकंदास पंचवीस. आणि चार ठोक्यांच्या इंजिनांत प्रत्येक नळकांड्यांत स्फोट होतो तो एकाआड एक फेऱ्यास. पंचविसाचे निम्मे साडेबारा. मागील बाजूच्या बांधकामावर पायाच्या खड्ड्यांतलें पाणी उपसण्यासाठीं असेंच एक जनित्र रात्रीं चाले. झोपाळ्यास वेळेवर दिलेला हलका रेटा जसा पुरतो, तशी आक्कांच्या खोलीची जमीन त्या ठेक्याला साथ देत होती. "आक्काआजी, पलंग खरंच हलतो," असें नातीनें कागद दाखवून सांगितलें, तेव्हां आक्का प्रथम हंसल्या आणि मग पदर डोळ्यांस लावला.

कागद पाहून तेथील व्यवस्थापकांनीं जनित्र रस्त्याच्या कडेस हलविलें व खालीं रबराच्या गाद्या घातल्या. टोंक अजून दिसतें, पण पूर्वीच्या पांचव्या हिश्शाचें.

या खेळांत वाऱ्याची सांवधगिरी फार ठेवावी लागते. पंख्याची झुळूकहि आलेखावर डोंगर उभा करिते. आणि सेकंदास एका कंपाच्याहि खालीं गेलें कीं ही डबी निरुपयोगी ठरते. तेथें वायुभारमापक घ्यावा लागतो. १५ जानेवारी २०२२ रोजीं पॅसिफिकमधील टोंगा येथें ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां त्याची दाबाची लाट पृथ्वीभोंवतीं अनेक वेळां फिरली, आणि तिची नोंद असल्या यंत्रांनींच केली. नातीनें आतां तसा एक चिमुकला भारमापक आणविला आहे. येत्या आषाढांत वर्सोव्यास तिच्या आत्याच्या गच्चीवर, लोंकरीच्या पिशवींत गुंडाळून, तो ठेवण्याचा तिचा बेत आहे.