डासाला डेंग्यू का होत नाही?

डेंग्यूचा विषाणू आपल्या अंगात शिरला की अंथरूण धरावे लागते. पण तोच विषाणू अंगात घेऊन डास मात्र खुशाल उडत राहतो. असे का?

कीटकांच्या शरीरात आपल्यासारख्या अँटिबॉडीज तयार होत नाहीत. तरीही ते निराधार नसतात. त्यांच्या रक्तातील पेशी जंतूंना गिळतात. काही डास तर हिवतापाच्या जंतूभोवती काळे कवच चढवून त्याला मारतात. फळमाशी बुरशीशी कशी लढते, हे ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्या कामासाठी त्यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

विषाणूसाठी डासाकडे वेगळे हत्यार आहे. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढू लागला की डासाची पेशी त्या नकला ओळखते आणि कात्रीने कापावे तसे त्यांचे बारीक तुकडे करते. मग तेच तुकडे नमुना म्हणून वापरून उरलेल्या नकला शोधून कापते. त्यामुळे विषाणू आटोक्यात राहतो, पण संपत नाही. आपला धोका इथेच आहे. रुग्णाला चावल्यानंतर साधारण ८ ते १२ दिवसांत विषाणू डासाच्या लाळेत पोहोचतो. त्यानंतर ती मादी मरेपर्यंत रोग पसरवू शकते.

शास्त्रज्ञांनी यावर एक उपाय काढला आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अनेक कीटकांत असतो, पण डेंग्यूच्या डासात तो निसर्गतः नसतो. तो या डासात घातला की विषाणूची वाढ रोखली जाते. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात असे डास सोडले, तेव्हा त्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्रातही असे डास तयार केले आहेत.

पण त्यांची वाट पाहत बसून चालणार नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून वस्तीत पिंपे भरून ठेवावी लागतात. हा घरच्या बाईचा दोष नाही. नियमित पाणी मिळणे हा हक्क आहे आणि तो सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसात मागायला हवा. तोवर घरात एवढे करा:

• आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात.
• नुसते पाणी ओतू नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पिंप, माठ, कूलर आतून घासा.
• पिंपाला घट्ट झाकण लावा किंवा कापड बांधा. पत्र्यावरचे टायर, डबे, करवंट्या काढून टाका.
• हा डास दिवसा चावतो. दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणीत ठेवा. तापाच्या रुग्णालाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याच्याकडून डासाला विषाणू मिळणार नाही.

ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्या. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणे यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असली तरी सरकारी रुग्णालय गाठा.