नाकाचा पडदा आणि छापील जाळी

‘डॉक्टर, माझ्या नाकाचं हाड वाढलंय,’ असे सांगणारा एक तरी रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रोज येतो. प्रत्यक्षात हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला कललेला असतो. हा पडदा पुढे लवचीक कूर्चेचा आणि मागे पातळ हाडांचा असतो. थोडाफार कल बहुतेकांच्या पडद्यात असतो आणि त्याचा काही त्रास नसतो. त्यामुळे सीटी स्कॅनच्या अहवालात ‘डीएनएस’ ही अक्षरे दिसली, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

आधी पाहावे लागते ते अडथळ्याचे कारण. नाक मोकळे करणारा फवारा मारून श्वास बराच सुधारला, तर मुख्य दोष सुजेचा असतो. अशा वेळी ॲलर्जीचे उपचार आणि स्टेरॉइडचा फवारा अनेकांना पुरतो. मात्र नाक मोकळे करणारे थेंब स्वतःच्या मनाने पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घालू नका. त्यानेच पुढे नाक अधिक चोंदते.

औषधांनी भागत नसेल तर पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यात वाकडा भाग काढला तरी वरच्या आणि पुढच्या कडेची साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखतात. तंबूला खांबाचा आधार असतो, तसा नाकाला या पट्टीचा. ती गेली तर नाक खचते. खरी अडचण येते ती ही पट्टीच वाकडी किंवा कमकुवत असेल तेव्हा. लहानपणी लागलेला मार किंवा आधीची शस्त्रक्रिया हे त्याचे नेहमीचे कारण. कूर्चा हट्टी असते, सरळ केली तरी पुन्हा वाकू पाहते. तिला बाजूने आधार द्यावा लागतो.

हा आधार शक्यतो रुग्णाच्याच शरीरातून घेतात. पडद्याचा काढलेला तुकडा सर्वांत सोयीचा. पण दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होत असेल तर तो बहुधा शिल्लक नसतो. कानाची कूर्चा मऊ आणि वक्र असते. बरगडीची कूर्चा भक्कम असते, पण त्यासाठी छातीवर छेद घ्यावा लागतो, तिथे दुखते आणि वयाबरोबर तिच्यात चुना साचून ती ठिसूळ होते.

इथे छापील जाळीचा पर्याय पुढे आला आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे प्लास्टिक साधारण साठ अंश सेल्सियसला वितळते. थ्रीडी प्रिंटर त्याचे बारीक धागे थरावर थर रचून सच्छिद्र पातळ पत्रा तयार करतो. शल्यचिकित्सक तो कात्रीने हवा तसा कापून पडद्याला जोडतात. छिद्रांमध्ये आजूबाजूची पेशीजाले शिरतात आणि साधारण दोन-तीन वर्षांत प्लास्टिक हळूहळू विरघळते. सिलिकॉनसारखी परकी वस्तू जन्मभर नाकात राहत नाही, हा मोठा फायदा.

दक्षिण कोरियातील काही रुग्णालयांनी मिळून असा प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचा श्वास सुधारला, हे उत्साहवर्धक आहे. पण रुग्ण होते 20 आणि त्यांना पाहिले गेले 12 आठवडे. विरघळायला वर्षे लागणाऱ्या वस्तूचा निकाल तीन महिन्यांत कसा लागणार? जाळी विरघळल्यानंतर तिथे नवी कूर्चा उगवते, असेही समजू नये. मागे राहते ते मुख्यतः तंतुमय पेशीजाल. शिवाय वरची श्लेष्मल त्वचा फाटली तर जाळी उघडी पडून संसर्ग होऊ शकतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. स्वतःची पुरेशी कूर्चा असलेल्या रुग्णाला छापील जाळीची गरज नाही. ज्यांच्याकडे ती उरलेलीच नाही आणि बरगडीला हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी तिचा विचार करता येईल.

‘थ्रीडी’ या शब्दाला भुलून कर्ज काढण्याआधी शल्यचिकित्सकांना चार प्रश्न विचारा. माझा अडथळा खरोखर पडद्यामुळेच आहे का? माझी कूर्चा का पुरणार नाही? ही वस्तू कशाची आहे आणि किती काळ नाकात राहील? संसर्ग झाला तर ती कशी काढणार आणि त्याचा खर्च किती? समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत थांबायला हरकत नाही. पडद्याचा कल ही सहसा तातडीची बाब नसते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नाकावर मार लागल्यानंतर, विशेषतः लहान मुलाचे, नाक दोन्ही बाजूंनी चोंदले तर पडद्यात रक्त साचलेले असू शकते. ते लगेच काढले नाही तर काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते. त्या मुलाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. वेळीच वाचवलेल्या स्वतःच्या कूर्चेची बरोबरी कोणतीही जाळी करू शकत नाही.