नाका कोगनोळीला, ताप रानात

कोल्हापूरहून बेळगावकडे निघालेल्या प्रवाशाला कर्नाटकाची हद्द लागते ती कोगनोळीच्या नाक्यावर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच नाक्यावर महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचे करोना-तपासणीचे दाखले पाहिले जात होते. माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगापुरता त्या पहाऱ्याला अर्थ होता. परंतु सर्वच रोग हमरस्त्याने येत नाहीत, हे आमच्या कोकणाने अनुभवले आहे.

शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या माकडतापाचा विषाणू शोधून काढला. त्याचे भाऊबंद निघाले थेट सैबेरियातील ओम्स्क येथे! हवामान निराळे, रान निराळे. पण दोन्हीकडे तो गोचिडीच्याच आधाराने टिकतो. सह्याद्रीच्या ओलसर रानातील गोचीड वानर-माकडांचे रक्त पिते. विषाणूने माकड मेले की अंगावरच्या गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात आणि तेवढा टापू विषारी होतो. पूर्ण वाढलेल्या गोचिडींना चरायला गेलेली गुरे पोसतात. जंगल तोडून वाडी-बागायत करावी, तिच्या कडेला गुरे चारावीत, म्हणजे या साखळीत माणूस आपल्या पायांनी जाऊन बसतो. कोगनोळी-निपाणीच्या उघड्या तंबाखूच्या शिवारात असे रान नाही. घाटाखाली दोडामार्गात ते आहे. २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात हा ताप येऊन थडकला, तो कोणताही नाका न ओलांडता.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडीची पिल्ले अन्न शोधत फिरतात. काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांतला. वाकून बोंडू वेचणाऱ्या मजुराने त्या दिवसांत घरी बसावे, असा उपदेश करणे सोपे आहे. त्याची चूल कशी पेटावी, हे उपदेशक सांगत नाहीत. या रोगावर रामबाण औषध नाही. जुनी लसही अपुरी ठरली. तेव्हा उरते ती खबरदारी, आणि वेळेवर मिळालेली खबर.

सीमाप्रश्नाचे घोंगडे १९५६ पासून भिजत पडले आहे. मराठी सीमाबांधवांच्या न्याय्य मागणीपासून आम्ही तसूभरही हटणार नाही. परंतु वानरांना राज्यपुनर्रचना ठाऊक नाही. रानात मेलेल्या माकडाची वार्ता खानापुरात कळली, तर ती त्याच दिवशी सावंतवाडीत आणि वाळपईतही पोचली पाहिजे. त्यासाठी तिन्ही राज्यांच्या आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्यांनी काजू मोहरण्यापूर्वी एकत्र बसावे, आणि अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल मजुराच्या हाती फुकट पडेल अशी तजवीज करावी.